तिन्ही नकला शाबूत

सोमवार, ९ जानेवारी

संचालकबाईंनी आज बोलावून विचारलं, "तुमच्या विभागाचा नेमका उपयोग काय?" बावीस वर्षं मी या संग्रहालयात मुलांना आणि शिक्षकांना वस्तू दाखवतोय. आजवर कोणी हे विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तरही तयार नव्हतं. "मॅडम, मुलं येतात," एवढंच सुचलं. त्या म्हणाल्या, "मुलं येतातच. पण तुमच्यामुळे येतात का?" वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील, पण खुर्ची मोठी आहे.

निवृत्तीला अकरा महिने उरलेत. माझ्यामागे हा विभाग टिकेल असं वाटत नाही. फिरती पेटी तर पहिल्या महिन्यातच माळ्यावर जाईल. पत्र्याची पेटी, आत फोमला पाडलेल्या खाचांत सात वस्तू: मुद्रा, कंगवा, दिवा, खुळखुळा वगैरे. सगळ्या काचेमागच्या अस्सल वस्तूंच्या नकला. पेटी एकेका शाळेत आठवडाभर राहते आणि मुलं वस्तू मनसोक्त हाताळतात. स्वतःचं मूल झालं नाही, पण ही पेटी मी पोटच्या पोरासारखी वाढवली.

दिवसभरात एकच धड काम झालं. मावशींच्या कायम होण्याच्या अर्जावर शिफारस लिहून दिली. मावशी आमच्या दालनातल्या मदतनीस. अकरा वर्षं कंत्राटावर काचा पुसतात, कपाटांच्या चाव्या सांभाळतात, वस्तूंना मात्र हात लावायचा नाही असा नियम आहे आणि तो त्यांनी कधी मोडलेला नाही. निर्णय मार्चअखेर. शिफारस वाचून म्हणाल्या, "सर, अक्षर बघूनच देतील." मलाही तसंच वाटतं, पण तोंडानं म्हटलं नाही.

गुरुवार, १२ जानेवारी

आज कार्यशाळेत मी बहार उडवून दिली. स्वतःच लिहितोय, पण दुसरं कोण लिहिणार?

तीस शिक्षक आले होते, निम्मे जांभया देत. प्रशिक्षणाला पाठवलेला शिक्षक म्हणजे सुट्टीत शाळेला जुंपलेलं मूलच. मग मी मावशींना तिसरं कपाट उघडायला लावलं आणि अस्सल खुळखुळा बाहेर काढला. दोन हजार वर्षांचा, भाजलेल्या मातीचा, कोणा बाळाचा. शेजारी पेटीतली नक्कल ठेवली आणि म्हटलं, "आता वाजवा आणि सांगा, खरा कुठला?" तीसपैकी सव्वीस जणांनी नकलेला खरा ठरवलं, कारण तिचा आवाज खणखणीत आहे. खऱ्याचा आवाज बसलेला, कोरड्या शेंगेसारखा. लोकांचे चेहरे असे झाले की बावीस वर्षं वसूल झाली.

नकलेच्या बुडाला तांबडा ठिपका असावा असा नियम आहे. तो मी केव्हाच खरवडून काढायला लावलाय. ठिपका दिसला की मुलांचा हात सैल पडतो, नकली म्हटलं की वस्तू फेकतात. हे कागदावरच्या नियमवाल्यांना कोण समजावणार?

तेवढ्यात संचालकबाई पाहुण्यांना घेऊन जिन्यावर आल्याचं कळलं. अस्सल वस्तू बाहेर काढायला त्यांची सही लागते, आणि ती मी घेतली नव्हती. धावपळ झाली. एक खुळखुळा कपाटात, एक पेटीत, कुलूप, आणि मी घाम पुसत उभा. मावशी हळूच म्हणाल्या, "सर, उलट नाही ना झालं?" मी म्हटलं, "मावशी, डोळे मिटून ओळखीन."

घरी हिला सगळं रंगवून सांगितलं. ही म्हणाली, "आणि हातातून पडला असता म्हणजे?" हिला कौतुक करताना जीभ जड होते.

शुक्रवार, १३ जानेवारी

पेटी पहिल्या शाळेला रवाना. मावशी दुपारी म्हणाल्या, "सर, जरा तिसरी काच बघायला येता?" काचेला पुन्हा बुरशीचे डाग पडले असणार. नवं फडकं मागायची त्यांची ही रीत मला ठाऊक आहे. उद्या बघू म्हटलं.

सोमवार, ३० जानेवारी

शाळेतून अभिप्राय आले. पंचेचाळीस मुलांनी "छान वाटले" असं लिहिलंय, म्हणजे बाईंनी फळ्यावर लिहून दिलं असणार. एका मुलीनं मात्र स्वतःचं लिहिलं: "खुळखुळ्याचा घसा बसला आहे. त्याला गरम पाणी द्या." ओलीनं आतले खडे चिकटले असतील. ही मुलगी पुढे काहीतरी करेल.

असे अभिप्राय मी फाइलला लावतो. फाइल कोणी उघडत नाही. आज खिडकीशी बसून उगाच हिशेब केला की एवढ्या वर्षांत किती मुलं येऊन गेली असतील, त्यातल्या कितींना माझं तोंड आठवत असेल. मन फार खाली गेलं.

मावशींनी पुन्हा तिसऱ्या काचेचं काढलं. मी जरा तडकलोच. "काचा पुसणं तुमचं काम की माझं?" त्या फडकं घेऊन परत गेल्या. कायम व्हायच्या आधीच नखरे सुरू.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

दुसऱ्या शाळेतल्या चौथीच्या बाईंचा फोन आला. रडतच होत्या. पेटीतला खुळखुळा एका मुलाच्या हातून फरशीवर पडून फुटला. "सर, भरपाई द्यायला लागेल का? आतून तर अगदी काळा निघाला हो, मला वाटलं जळकाच आहे." मी त्यांना धीर दिला. म्हटलं, बाई, नक्कल आहे, कुंभारानं वर्षापूर्वी केलेली. तुकडे केरात टाका आणि त्या पोराला ओरडू नका. त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या ठिकाणी दुसरा कोणी असता तर त्यांना चार फॉर्म भरायला लावले असते.

कुंभाराकडून मी तीन नकला करवून घेतल्या होत्या. एक पेटीसाठी, दोन माझ्या कपाटात राखीव. त्यातली एक काढून शिपायाबरोबर शाळेत पाठवली. मोडतोडीच्या वहीत नोंद केली नाही. संचालकबाईंना पेटी बंद करायला एवढं निमित्त पुरलं असतं. घरी फक्त हिला सांगितलं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

भयंकर दिवस.

मुख्य कार्यालयातून एक गृहस्थ आठवडाभर आलेत. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून नोंद करतात. डोळ्याला भिंग लावूनच जन्मले असावेत, मी त्यांना भिंगवाले म्हणतो. आज अकराच्या सुमाराला त्यांनी तिसऱ्या कपाटातला खुळखुळा उचलला, भिंग लावलं, हलवला, खाली ठेवला आणि म्हणाले, "हा नवा आहे."

संचालकबाई आल्या, जुने फोटो आले. अस्सल खुळखुळ्याच्या दांडीजवळ टवका उडालेला आहे. कपाटातल्याला टवका नाही. दोन हजार वर्षांची वस्तू आमच्या नाकाखालून गेली. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, फडकं हातातच.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

चौकशी झाली. संचालकबाई, भिंगवाले, मी आणि मावशी.

"कपाटाची चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," मावशी म्हणाल्या.

"आणखी कोण उघडतं?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चावी यांच्याकडेच असते." त्यात खोटं काही नाही. कार्यशाळेतला खेळ मी सांगितला नाही. तो महिन्यापूर्वीचा, आणि मी वस्तू माझ्या हातानं जागेवर ठेवली होती. उगाच विषय वाकड्यात गेला असता.

मग राखीव नकलांची मोजदाद निघाली. यादीत दोन, कपाटात एक. माझ्या कपाटाची दुसरी चावीही मावशींच्याच जुडग्यात असते. संचालकबाईंनी मान हलवली. राखीवातली एक मी काढली होती हे तिथं बोलायला हवं होतं का? पण मग शाळेत फुटल्याचं निघालं असतं, नोंद का केली नाही हे निघालं असतं, त्या बिचाऱ्या बाईंवर बालंट आलं असतं. एवढ्यासाठी पेटीचा बळी कशाला द्यायचा?

लेखी अहवालात मी फक्त वस्तुस्थिती मांडली: "नकला एकूण तीन. एक पेटीत, एक राखीव, एक दालनातील कपाटात आढळली. तिन्ही नकला शाबूत." यातला एक शब्दही खोटा नाही.

काय झालं असेल ते माझ्या ध्यानात येत नाही. पुसताना मावशींच्याच हातून काहीतरी झालं असणार. अकरा वर्षांत माणूस एकदा तरी चुकतोच.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

संचालकबाईंना बोभाटा नकोय. त्यांनी मला मधे घातलं. मावशींनी लिहून द्यावं की पुसताना वस्तू फुटली आणि भीतीपोटी त्यांनी तिथं नक्कल ठेवली. मग पोलिसांत तक्रार होणार नाही, फक्त कंत्राट संपेल. नाही दिलं तर चोरीची तक्रार.

मी मावशींना माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला, समजावलं. त्यांच्या भल्याचंच होतं. पोलीस घरी आले की जावयासमोर काय तोंड दाखवणार? त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मला एवढं लिहायला जमायचं नाही." मग मीच लिहिलं. पाऊण पान, एकही खाडाखोड नाही.

लिहिताना त्या समोर बसून माझ्याकडे एकटक बघत होत्या. मधेच विचारलं, "सर, तुम्हाला सगळं आठवतंय ना?"

"मला काय आठवायचंय?" मी म्हटलं.

मग त्यांनी सही केली. चहा तसाच राहिला. चाव्यांचं जुडगं टेबलावर ठेवून गेल्या, निरोप न घेता. मला ते लागलं. माझ्या जागी दुसरा असता तर एवढं केलं असतं का?

बुधवार, १ मार्च

दालनात एजन्सीचा माणूस आलाय. काचेवर ओरखडे पाडतो. आज तिसरीचा वर्ग आला होता, त्यातल्या एकीनं विचारलं, "इथल्या आजी कुठे गेल्या? त्यांनी मागच्या वेळी माझ्या बुटाची नाडी बांधली होती." मी म्हटलं, सुट्टीवर आहेत.

शिपाई सांगत होता, मावशी एका वसतिगृहात भांडी घासायला लागल्यात. जावयानं आठ दिवस अबोला धरलाय म्हणे. "चोरी केली नाही तर सही कशाला केली," असं विचारतो. मुलगीही तेच विचारते.

जेवण जात नाही. ही म्हणते, पित्त झालंय.

रविवार, ५ मार्च

सकाळी ही भाजी निवडत होती. मी पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. ही म्हणाली, "अहो, मला एक सांगा. नकला तीन, बरोबर?"

"हो."

"तिन्ही शाबूत, असं तुम्हीच लिहून दिलंत. त्या रात्री मला वाचूनही दाखवलंत."

"हो. मग?"

"मग त्या शाळेत फुटला तो कितवा?"

मी पेपर खाली ठेवला. हिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मी उठून अंघोळीला गेलो आणि बादली भरून वाहायला लागली तरी तसाच उभा राहिलो.

सोमवार, ६ मार्च

रजा टाकली. या वहीची मागची पानं काढून वाचली. सगळं माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. "उलट नाही ना झालं?" तिसरी काच, दोनदा. बसलेला घसा. आतून काळा. कुंभाराची माती आतबाहेर तांबडी असते हे मी दर कार्यशाळेत सांगतो. जुनी वस्तू आतून काळी निघते हेही मीच सांगतो.

शाळेत गेलो. चौथीच्या बाई खूश झाल्या, त्यांना वाटलं मी पाहणीला आलोय. तुकड्यांचं विचारलं. "तुम्ही म्हणालात तसे केरात टाकले, सर. मुलं ठेवूया म्हणत होती, पण मी म्हटलं, सरांनी सांगितलंय." केराची गाडी महिन्याभरापूर्वीच येऊन गेली. मी त्यांना खरं सांगितलं नाही. वर्गातल्या कुठल्याशा पोरानं जन्मभर ते ओझं का वाहावं? हा एक निर्णय मला बरोबर वाटतो. बाकी एकही नाही.

दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू मी फोनवरून केरात टाकायला सांगितली. त्याहून वाईट म्हणजे मावशींना समोर बसवून चहा पाजला आणि त्यांच्याकडून लिहून घेतलं.

गुरुवार, ९ मार्च

पत्र लिहून संचालकबाईंना दिलं. सगळं लिहिलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे परत सरकवलं.

"फाइल बंद झाली आहे."

"पण मॅडम, मावशींनी काहीच केलेलं नाही."

"त्यांचं कबुलीपत्र फाइलमध्ये आहे. तुमच्याच अक्षरात. एका गोष्टीच्या दोन कबुल्या वर पाठवू का मी? त्यांची खोटी ठरली की विचारतील, ती कोणी लिहून घेतली. तुमचं निवृत्तिवेतन अडकेल, शाळेवर चौकशी बसेल आणि पेटी तर बंदच होईल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सर, घरी जा. तब्येत बरी दिसत नाही तुमची."

पत्र खिशात घालून मी बाहेर आलो. खरं सांगायचं तर जिना उतरताना क्षणभर हलकं वाटलं. मी माझ्याकडून सांगितलं, पुढचं त्यांच्यावर. हे इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढे मला विसरता येणार नाही.

मंगळवार, १४ मार्च

पाच दिवस झाले. पेटी तिसऱ्या शाळेत गेली. शिक्षकांची दुसरी कार्यशाळा घेतली, खेळ न करता. सगळे जांभया देत होते.

हिला म्हटलं, मी पत्र दिलं, आता माझ्या हातात काय आहे? ही कपड्यांच्या घड्या घालत होती. "पत्र मॅडमना दिलंत," म्हणाली. "जिचं तोंड काळं झालं तिला काय दिलंत?"

रविवार, १९ मार्च

मावशींच्या घरी गेलो. पत्ता शिपायाकडून घेतला. अकरा वर्षांत कधी गेलो नव्हतो. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, बाहेर नळ, दाराशी चपलांचे चार जोड. मावशींनीच दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत.

मी उंबऱ्याबाहेरच सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं काही नवं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी पुसतानाच दिसलं मला," त्या म्हणाल्या. "टवका नव्हता. अकरा वर्षं रोज बघतेय तो टवका. तुम्हाला बोलवायला दोनदा आले."

"चौकशीत का नाही बोललात?"

"तुम्ही समोर बसला होतात. तुमचं नाव मी घ्यायचं आणि ते माझं ऐकणार?" पुढे म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच सांगाल. तुम्ही कागद लिहायला बसलात तरी वाटत होतं की आता थांबतील. तुम्ही पूर्णविराम दिलात आणि पेन माझ्या हातात ठेवलंत."

मी खिशातलं पत्र काढून पुढे केलं. म्हटलं, हे ठेवा, यात सगळं लिहिलंय, कोणालाही दाखवा. त्यांनी हात पुढे केला नाही.

"कागद नको आता. तोंडानं सांगा."

त्यांनी आत हाक मारली. मुलगी आली, मागून जावई, बनियनवर शर्ट चढवत. शेजारच्या बाई नळावर भांडी विसळत होत्या, त्यांनाही मावशींनी थांबवलं. "सर काय सांगतायत ते ऐका," म्हणाल्या आणि स्वतः दाराला टेकून उभ्या राहिल्या.

हजारो मुलांसमोर बोललेला माणूस मी. इथं ऐकणारे चौघं. सांगायला लागलो. शिक्षकांना खेळ दाखवायला वस्तू बाहेर मी काढली. घाईत अदलाबदल मी केली. खरी वस्तू शाळेत गेली, तिथं फुटली, आणि माझ्याच सांगण्यावरून केरात गेली. मावशींनी काही केलेलं नाही, मला सावध करायला त्या दोनदा आल्या होत्या. शेवटपर्यंत सांगितलं आणि थांबलो. वाटलं, झालं.

जावई खाली बघत होता. शेजारच्या बाईंनी नळ बंद केला.

मुलगी म्हणाली, "मग तो माफीचा कागद? आईला तर धड एक ओळ लिहिता येत नाही. तो कोणी लिहिला?"

मी मावशींकडे बघितलं. अकरा वर्षं मी अडलो की त्या पुढे व्हायच्या, चावी आणायच्या, पोरांना ओळीत लावायच्या. आज त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"मी लिहिला," मी म्हटलं.

मुलीनं तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मावशींनी खुंटीवरची पिशवी काढली, चपला पायांत सरकवल्या.

"सांगून झालं ना, सर? मग वाट द्या जरा. वसतिगृहाची दुपारची भांडी पडली असतील."

मी भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि त्या माझ्या शेजारून जिना उतरून गेल्या.